दुसरे गाठोडे

भय आणि सावधपणा दिसायला सख्खी भावंडे वाटतात. दोघेही दाराची कडी दोनदा तपासतात. परंतु भय आपल्यापुरते पाहते. सावधपणाच्या दृष्टीपुढे नेहमी कुणीतरी दुसरे असते. पूर्वसूरींनी या गुणाला अप्रमाद म्हटले आणि तपाच्या पंक्तीला बसवले. तप म्हटले की अरण्य आठवते; रुग्णालयाच्या तळघरातली, वाफेने सदा ओलसर खोली सहसा आठवत नाही.

त्या खोलीत एका विधवा बाईने उभा जन्म काढला. शस्त्रक्रियेची हत्यारे धुवायची, दुहेरी कापडात बांधायची, गाठोड्यावर पट्टी चिकटवून ते वाफेच्या यंत्रात ठेवायचे. नीट वाफ लागली की पट्टीवर काळ्या रेघा उमटत. तिथला नियम एकच : शंका आली की गाठोडे परत. ते जमिनीवर पडताना कुणी पाहिलेच पाहिजे असे नाही. 'पडले असेल का' असे मनात आले, तरी पुन्हा वाफेत. ही शिस्त बाईच्या हाडीमाशी इतकी खिळली की घरातही किल्ल्या दोन, कात्र्या दोन, चष्मे दोन. बरोबरीच्या बायका तिला 'दुहेरीबाई' म्हणत.

महासाथीच्या काळात परदेशी असलेल्या तिच्या एकुलत्या एका लेकीचे दिवस भरत आले. तिथल्या रुग्णालयात बाळंतिणीपाशी एकाच माणसाला मुभा होती, आणि त्याचे नाव आगाऊ कळवावे लागे.

"तूच हवीस," लेक फोनवर म्हणाली. "यांना रक्त पाहिलं की चक्कर येते. मी माझं बघू की यांना वारा घालू? अडीनडीला दुसरं नाव द्यायचं का, असंही विचारतायत."

"दुसरं कशाला? मी येतेय ना."

बाईची तयारी पाहण्यासारखी होती. रक्तदाबाच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत, आणि तितक्याच पुन्हा मोठ्या बॅगेत. मास्क, तापमापक, प्रवासाचा विमा, विलगीकरणात अडू नये म्हणून सुका खाऊ. शिवाय बाळाच्या कपड्यांची दोन गाठोडी, तळघरातल्या रीतीने बांधून, पट्टी लावून वाफवलेली.

"जुळं आहे की काय हो?" शेजारणीने विचारले.

"एक वापरायला, एक वेळेला."

"सगळं दोन-दोन. आणि तुम्ही तेवढ्या एकट्याच निघालात?"

बाई हसली. बॅगेचे कुलूप तिने दोनदा तपासले.

परक्या देशात उतरल्यावर नियमाप्रमाणे तिला एका हॉटेलात वेगळे ठेवले. खोलीची खिडकी उघडत नव्हती. जाड गालिच्यावर स्वतःची पावलेसुद्धा ऐकू येत नसत. जेवणाचा डबा दाराशी ठेवून कुणी टकटक करी. दार उघडावे तो बाहेर कुणी नाही. बाई त्या रिकाम्या बोळाला म्हणे, "बरं हं," आणि दार लावून घेई. रोज परिचारिकेचा फोन येई : ताप, खोकला, घसा? बाई नाही म्हणे. दिवसभरात तिच्या तोंडून निघणारे तेवढेच शब्द.

सुटकेच्या सकाळी घसा खवखवला. बॅग भरून दाराशी होती. तोच जावयाचा फोन आला.

"आई, मी खाली गाडी घेऊन उभा आहे. कळा सुरू झाल्यात. चला लवकर."

"जावईबापू, घसा दुखतोय."

"एसीनं धरला असेल हो. आणि कळणार आहे कुणाला?"

"मला कळलंय ना."

तिने परिचारिकेला सांगितले. पुन्हा तपासणी, पुन्हा बंद दार. दुपारी फोनवर लेकीचा आवाज आला, श्वास तुटत होता. "आई, निघालीस का गं?"

"नाही गं. शंका आलीय."

त्याच घरात वाढलेली ती मुलगी. त्या शब्दाचे वजन तिला समजावून सांगायची गरज नव्हती. मग ती म्हणाली, "ठेवते."

मुलगी झाली. जावई रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभा राहिला, कारण यादीत त्याचे नाव नव्हते. लेक एकटीच बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी बाईचा अहवाल निर्दोष आला. घसा एसीनेच धरला होता.

बाई लेकीच्या घरी पोचली, कोपरापर्यंत हात धुऊन उंबऱ्यातच थांबली. लेकीने वर पाहिले नाही.

"काहीच नव्हतं म्हणे तुला."

"नव्हतं."

"मग काय मिळवलंस?"

"तिथे आणखी बाळंतिणी होत्या ना?"

"होत्या."

"त्यांच्याही आया कुठेतरी फोनपाशी बसल्या असतील." बाई उंबरा ओलांडून आत आली. "माझं चुकलं ते वेगळंच. किल्लीला जोड ठेवली, गोळ्यांना ठेवली, आणि तुझ्या उशाशी बसायला जोड ठेवली नाही. जावईबापूंचं नाव द्यायला हवं होतं. चक्कर येऊन पडले असते, तर पडले असते. रुग्णालयच ते, उचललं असतं कुणीतरी."

लेकीला हसू आले आणि ते मध्येच रडण्यात मोडले. तिने मूल आईच्या हाती दिले, आणि एका गाठोड्याची पट्टी काढली.

पुढे बाई आपल्या घरी परतली, काही वर्षे एकटीच राहिली, आणि एकटीच गेली. दुसरे गाठोडे लेकीच्या कपाटात आहे. पट्टीवरच्या रेघा अजून काळ्या आहेत. ते कुणी सोडलेले नाही.