ताऱ्यावरून उडालेला वारा

"पिंजाऱ्याच्या पोरी आता आम्हाला वजन शिकवणार का?"

यवतमाळच्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सर हे साऱ्या वर्गासमोर बोलले. सर म्हणजे माझे गाईड. एमएस्सीच्या प्रोजेक्टवर त्याईची सही लागते. पोरं हसली. मी माझ्या हिशोबाचा कागद धरून उभी होती.

माझे अब्बा दारव्ह्याले रुई पिंजतात, गाद्या भरतात. मी ते कधी लपवलं नाही. सरानं ते शिवी देल्यासारखं म्हटलं.

झालतं असं. कृष्णविवर दिसत नाही. त्याच्याभोवती जो तारा फिरते, त्याचा वेग मोजाचा अन् त्यावरून विवराचं वजन काढाचं. ताऱ्याचा उजेड रंगारंगात फोडला की त्यात रेषा दिसतात; त्या किती सरकतात त्यावरून वेग कळते. सरानं काढलेला आकडा लय मोठा आला. खुश झाले. तोच मले प्रोजेक्टमंदी टाकाले सांगतला. त्यावर ते भाषण देणार होते.

मी तीन महिने त्याच रेषा पाहून राह्यली होती. तो तारा लय वजनाचा. असे तारे सोताचंच अंग उडवत राह्यतात, चौफेर वारा सुटते त्याईच्यातून. सरानं मोजलेल्या रेषा त्या वाऱ्याच्या होत्या. विवरात पडता पडता तापलेल्या वाऱ्यातून क्ष-किरण निघतात, त्यानं विवराकडची वाऱ्याची बाजू बिघडते अन् रेषा दुसऱ्याच बाजूच्या दिसतात, म्हणून त्या सरकतात. आमच्या घरी पिंजताना रुई उडते, भिंती पांढऱ्या होतात. उडालेल्या रुईवरून गादी कुठं सरकली हे कोणी सांगत नाही.

एवढंच म्हटलं मी. "सर, या रेषा वाऱ्याच्या आहेत. वजन एवढं नसंल." तेही हळूच.

"माफी माग. नाहीतर सही विसर. घरी जा अन् गाद्या भर."

माफी मी लय डाव मागतली आहे. चहा थंडा झाला, माफी. न इचारता कम्प्युटर लावला, माफी. माझ्या ओढणीवर बोलले, तेव्हाबी मीच म्हटलं, चुकलं सर. थू त्या माफीवर.

त्या दिवशी ती निघाली नाही. चूक आकड्याले चूक म्हटलं, तर माफी कायची?

"हा आकडा मी टाकत नाही सर. रेषा ताऱ्याच्या असतीन तर दाखवा."

आता कोणी हसलं नाही. सरानं माझा कागद फाडला. "चालती हो."

घरी अब्बाले सांगतलं. ते मान खाली घालून बसले. मंग म्हणे, "माफी मांग ले बेटा. बड़े लोग हैं." मले त्याईचाबी राग आला. अशीच मान घालून त्याईची उमर गेली.

सही अजून नाही. प्रोजेक्ट मी लिहून काढला. त्यात साफ लिहिलं, या रेषांवरून या कृष्णविवराचं वजन सांगता येत नाही. खाली माझं पुरं नाव, बापाच्या नावासकट. सोमवारी बिना सहीचा विद्यापीठात नेऊन देते. वापस पाठवला तर पुन्हा नेईन. वर्ष गेलं तरी चालते. माफी मागणार नाही.