दगडीपाल्याचे फोटो

ऐन मे महिन्यात, दगडावर पाय ठरत नाही अशा उन्हात, साठीची एक बाई इरकली पदर खोचून माळाच्या उतारावर पालथी पडलेली दिसायची. नवखा माणूस घाबरून पाणी घेऊन धावे. आम्ही गाववाले त्याला अडवायचो. काही झालेलं नाही बाबा, फोटोवाली अक्का आहे, फुलांचे फोटो काढतेय.

आमचं गाव सीमेपल्याड, औरादकडचं; बोली मराठी, सरकारी कागद कन्नड. नवऱ्याच्या माघारी त्याचा ठाणाकुशनूर रस्त्यावरचा स्टुडिओ अक्कानं चालवला. लग्नसराई सरली की कॅमेरा तिचा एकटीचा. मग ती उतारावर जायची, तेही दगडीपाल्यासाठी! करंगळीच्या नखाएवढं ते फूल, मध्ये पिवळं, कडेनं चार-पाच पांढुरक्या पाकळ्या. खरचटलं की त्याचा पाला चोळायचा, बाकी शेळ्या खातात, एवढीच आम्हाला त्याची ओळख.

वारा पडेपर्यंत अक्का बटण दाबत नसे. एकेका फुलाशी अर्धा अर्धा तास छत्री धरून बसायची. माणसांचे फोटोही ती असेच काढी आणि गिऱ्हाईक चुळबुळलं की म्हणायची, "घाई केलास की चेहरा खोटा येतो."

मी तेव्हा पंचायतीचा सदस्य, अंगात थोडी हवा होती. शेळ्यांच्या चाऱ्याचे कसले फोटो काढतेस, म्हणून एकदा तिला छेडलं. तिनं मला इस्त्रीच्या शर्टासकट खाली झोपवलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावायला सांगितलं.

मधला पिवळा ठिपका हा ठिपका नव्हताच. ती सगळी वेगवेगळी फुलं होती, पाच पाच टोकांची, दाटीवाटीनं बसलेली, काही उमललेली, काही अजून मिटलेली. अक्का कानाशी हळूच म्हणाली, "ह्याला एक फूल कामून म्हणायलास? अख्खी जत्रा बसलीय हितं." मी उठलो तेव्हा छाती पोळली होती. तीस वर्षं मी हे सगळं चपलेखाली तुडवत आलो होतो.

आणि तरी त्याच महिन्यात मी सही केली. गावाला रस्ता हवा होता. पावसाळ्यात आजारी माणूस बाजेवर घालून सडकेपर्यंत न्यावा लागे. रस्त्याला लागणारा मुरूम सगळ्यात जवळ त्या उतारावरच होता. ठरावात कन्नडमध्ये लिहिलं होतं, जागा पडीक, तिथं काही उगवत नाही. मी ते नीट वाचलं होतं. आठ दिवस अक्काच्या वाटेला गेलो नाही.

मुरूम खणायची मशीन आली त्या सकाळी अक्का आधीच तिथं होती. दुपारपर्यंत थांब, एवढंच तिनं ड्रायव्हरला सांगितलं. बिचारा इंजिन बंद करून सावलीला बसला. अक्का खालून वर एकेका फुलाचा फोटो काढत गेली आणि मी मुकाट्यानं छत्री धरली. ऊन डोक्यावर आलं तशी ती उठली, गुडघे झटकले.

"रस्ता पायजे होता, मला बी कळतंय. पण काही उगवत न्हाई, असं कामून लिहिलास?"

मी छत्री मिटली.

रस्ता चांगला झाला. पुढच्याच वर्षी अक्काला न्यायला दवाखान्याची गाडी थेट दारात आली, पण अक्का परतली नाही. त्यानंतरच्या बैठकीत मी उठलो आणि त्या उतारावर फुलं होती, असं लिहून घ्या म्हणालो. कसली फुलं, सेक्रेटरीनं विचारलं. दगडीपाल्याची, मी म्हणालो. सगळे हसले. ओळ लिहून झाल्यावर मी ती दोनदा वाचली आणि खाली सही केली.