तोंड उघड बे!

हवालदारांना हळू बोलता येत नसे आणि हळू मारताही येत नसे. सत्तरच्या दशकात काटोल रोडवरच्या माजी सैनिकांच्या आश्रमात मी नर्स म्हणून लागले, त्या पहिल्याच दिवशी जेवणाचं ताट माझ्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवर आपटलं. वरणात मीठ नव्हतं. "तुले नाही मारलं वं बाई," ते म्हणाले, "वरणाले मारलं."

शेजारच्या खाटेवर त्यांचा पलटणीतला सोबती सुखदेव. ब्रह्मदेशच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा डोक्यात घुसलेला, तेव्हापासून कमरेखाली लुळा, आणि मिरगीही जडलेली. मिरगीची गोळी चुकली की असा झटका येई, की लोखंडी खाट सरकायची आणि जीभ चावली जाऊन उशी रक्ताने भिजायची. पण गोळी कडू, म्हणून हा गडी दात आवळून पडायचा. मी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, तर नुसता हसायचा. मग हवालदार खाटेच्या दांड्यावर काठी हाणून गरजत, "तोंड उघड बे!" आणि तोंड आपोआप उघडे.

फुकट औषधं लष्करी छावणीतल्या दवाखान्यात मिळत. नियम असा, की ज्याचं औषध त्यानेच यायचं. खाटेला खिळलेल्यांनी काय करावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकदा सुखदेवची गोळी संपली आणि लागोपाठ झटके सुरू झाले. हवालदारांनी त्याला पाठुंगळी घेतलं, रिक्षात घातलं आणि दवाखान्याच्या खिडकीशी नेलं. मी मागोमाग होतेच.

"वेळ संपली. सोमवारी या," आतला कंपाउंडर म्हणाला आणि त्याने काच ओढून घेतली. तेवढ्यात सुखदेवला फरशीवरच झटका आला. हवालदारांनी काठीने काच फोडली, आत हात घातला आणि कंपाउंडरची कॉलर धरून त्याचं नाक गजांवर आपटलं. त्यांच्या कापलेल्या हाताचं आणि त्याच्या नाकाचं रक्त गोळ्यांच्या डब्यांवर उडालं. "आता उघडली का बे खिडकी?"

उघडली. पुढे चौकशी झाली, नियम बदलला आणि खाटेवरच्यांची औषधं थेट आश्रमात येऊ लागली. हवालदारांना मात्र दवाखान्याची बंदी झाली, आणि त्यांची ब्लडप्रेशरची गोळीही तिथलीच होती. मी बाजारातून आणून दिली, तर गोळ्यांची ती बाटली त्यांनी भिंतीवर फोडली. "हक्काची पाहिजे मले. भीक काहून घेऊ?" त्या हट्टाचा मला आजही संताप येतो.

एका सकाळी सुखदेवसाठी उगारलेली काठी त्यांच्या हातातून गळून पडली, आणि मागोमाग ते कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांना स्मशानात पोचवून माणसं परतली, तेव्हा सुखदेवच्या संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली होती. तो दात आवळून, भिंतीकडे तोंड करून पडला होता. "घ्या ना भाऊ," मी परोपरीने विनवलं. तो हसलाही नाही. शेवटी मी हवालदारांची काठी उचलली, होती तेवढ्या ताकदीने दांड्यावर हाणली आणि ओरडले, "तोंड उघड बे!"

सुखदेवने तोंड उघडलं. मी गोळी जिभेवर ठेवली तरी ते मिटेना. तसाच उघड्या तोंडाने तो रडत राहिला.