दिल्लीहून येणारा तिसरा भाग

वसाहतीत क्वार्टर मिळेपर्यंत बाहेर घर घेऊन राहा, असं वडिलांना हवाई दलातून सांगितलं होतं, आणि ते ‘मिळेपर्यंत’ आमचं चंदीगड संपेपर्यंत पुरलं. त्यामुळे आम्ही एका सेक्टरात, एका शीख कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर राहिलो. खाली घरमालक. सगळी गल्ली त्यांना बाऊजी आणि त्यांच्या पत्नीला बीजी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांना एक मुलगी होती, ती लग्न होऊन पिंजौरला गेलेली, आणि एक मुलगा. तो सरकारी बसवर ड्रायव्हर होता, चंदीगड–दिल्ली मार्गावर. मी त्याला वीरजी म्हणायचे. पंजाबीत थोरल्या भावाला म्हणतात तसं.

मला सख्खा भाऊ नव्हता. घरात आई सांगलीचं मराठी बोलायची आणि मी तिला हिंदीत उत्तरं द्यायचे, यावरून रोज कुरबुर व्हायची. खाली मात्र मला कुणी भाषेवरून बोलत नसे. सकाळी वीरजी पगडी बांधायला बसला की लांबलचक कापडाचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागायचं. बीजी स्वयंपाकघरात असायच्या, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कापड ताणून धरायचं, तो सांगेल तशी घडी घालत त्याच्याकडे चालत जायचं. तेवढ्या वेळात आमचं कॉमिक्सवर बोलणं व्हायचं.

वीरजीला कॉमिक्सचं वेड होतं. लग्नाच्या वयाचा, दाढीमिशीवाला, सहा फुटी माणूस, पण दिल्लीच्या बस अड्ड्यावर परतीच्या फेरीची वाट बघताना तो हिंदी कॉमिक्स वाचत बसायचा आणि वाचून झाली की माझ्यासाठी घेऊन यायचा. आमच्या मार्केटात भाड्याने पुस्तकं देणारे एक अंकल होते. त्यांच्याकडे नवं कॉमिक यायच्या आधी ते माझ्या दप्तरात असायचं. शाळेत त्यामुळे मला मान होता. बाऊजींना हे पटत नसे. ते म्हणायचे, इतक्या वयात चित्रं बघतो, उद्या पोरं झाली तर त्यांच्याशी भांडेल. वीरजी हसायचा आणि पान उलटायचा.

त्या वर्षी एका कॉमिकने आम्हाला धरून ठेवलं होतं. गोष्ट तीन भागांत होती. एक गुप्तहेर कोळशाच्या खाणीत मजूर बनून शिरतो, कारण खाणीच्या पोटात कुणीतरी शस्त्रं लपवलेली असतात. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर खाणीत पाणी घुसतं. गुप्तहेराचे हात बांधलेले, पाणी छातीपर्यंत आलेलं, आणि वर पंपाच्या दांड्यावर हात ठेवून उभा असतो त्याचा जुना मित्र, जो फितूर झाला आहे की नाही हे आपल्याला माहीत नसतं. खाली एका चौकटीत छापलेलं, तिसरा भाग पुढच्या महिन्यात.

पुढच्या महिन्यात पंजाब बंद झाला. अमृतसरच्या गुरुद्वाऱ्यात सैन्य शिरलं, कर्फ्यू लागला, रेल्वे थांबल्या, वर्तमानपत्रं यायची बंद झाली. वडील तळावरच राहायचे. कर्फ्यू उठला तेव्हा अंकलनी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. मी वाकून विचारलं, तिसरा भाग आला का? ते म्हणाले, बेटी, दूध आलंय का ते आधी बघ.

त्यानंतरचा उन्हाळा आणि पावसाळा आम्ही वाट बघण्यातच घालवला. अंकल दर वेळी वेगळं कारण सांगायचे. कागद मिळत नाही, ट्रक अंबाल्याला अडवला, चित्रकार आजारी आहे. वर्गातल्या मुली सोडून देतील असं वाटलं होतं, पण उलट त्या जास्तच पेटल्या. मधल्या सुट्टीत प्रत्येकीची आपापली गोष्ट तयार असायची. कुणी म्हणे मित्र पंप सुरू करतो, कुणी म्हणे तो दांडा तोडून पळतो. वीरजीची गोष्ट सगळ्यांत लांब होती आणि ती तो हप्त्याहप्त्याने सांगायचा, पगडी बांधून होईल तेवढीच. त्याचं म्हणणं, मित्र फितूर आहेच, पण ऐन वेळी त्याचा हात चालणार नाही. मी म्हणायचे, असं कसं होईल? तो म्हणायचा, माणूस फितूर होतो तो डोक्याने, हाताला वेळ लागतो.

खालच्या घरात जून महिन्यानंतर मोठ्या आवाजात बोलणं होत नव्हतं. बीजी गुरुद्वाऱ्यातून आल्या की बराच वेळ अंगणातल्या नळाशी उभ्या राहायच्या. आईने एकदा विचारलं तर त्या म्हणाल्या, काही नाही बेटी, पाय दुखतात. वीरजी दिल्लीबद्दल पूर्वीसारखं सांगत नसे. हरियाणात नाक्यावर पोलीस बस थांबवतात आणि ड्रायव्हरलाच आधी उतरवतात, एवढं तो एकदा बोलून गेला.

सप्टेंबरात त्याने ठरवलं की कॉमिक छापणाऱ्यांकडे आपणच जाऊन विचारायचं. परतीची फेरी उशिराची होती, तेवढ्यात तो जुन्या दिल्लीतली गल्ली शोधून आला. सांगताना लहान मुलासारखा खुलला होता. एक अरुंद जिना, वर एक खोली, खोलीत गठ्ठ्यांवर गठ्ठे आणि एक चष्मेवाले गृहस्थ. त्यांना आधी वाटलं हा वसुलीला आलाय. मग कळल्यावर त्यांनी चहा मागवला. जुना चित्रकार सोडून गेला होता, नवा काम शिकत होता. त्याची दोन-तीन पानं त्यांनी वीरजीला दाखवली. मी विचारलं, मित्र काय करतो? तो म्हणाला, तिथपर्यंत पानं नव्हती. मला आजही वाटतं, होती. त्याला माझ्यासाठी शेवट फोडायचा नव्हता. दिवाळीनंतर नक्की, असं त्या गृहस्थांनी सांगितलं होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर वीरजी नेहमीसारखा सकाळची बस घेऊन गेला. त्याच दिवशी पंतप्रधानांवर त्यांच्या अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. आमची शाळा लवकर सुटली. घरी आले तेव्हा बाऊजी अंगणात रेडिओ घेऊन बसले होते आणि आई जिन्यात, चपला न घालता. अंगरक्षक कोण होते हे कळल्यावर बाऊजींनी रेडिओ बंद केला नाही, फक्त आवाज कमी केला.

वीरजी त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दिल्लीत काय चाललंय याच्या बातम्या रेडिओवर नव्हत्या, माणसांकडून येत होत्या, आणि येणारी प्रत्येक बातमी आधीच्या बातमीहून वाईट होती. वडिलांनी तळावरून दिल्लीला फोन लावून बघितला, लागला नाही. मग ते गणवेशातच सतरा सेक्टरच्या बस अड्ड्यावर गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं की दिल्लीला गेलेल्या गाड्यांची काही खबर नाही. आई बीजींच्या शेजारी जाऊन बसायची. तिच्या हिंदीत त्या वेळी एकच वाक्य होतं, आयेगा बीजी, आयेगा. बीजी मान हलवायच्या आणि कणीक मळत राहायच्या. कुणी जेवत नसताना एवढ्या पोळ्या रोज होत होत्या. त्या गल्लीतल्या गाईला जायच्या.

आठवडाभराने दुपारी फाटक वाजलं. मी वरून बघितलं तर कुणी अनोळखी माणूस होता. डोक्याला गमछा, गाल तासलेले. बाऊजीही क्षणभर ओळखू शकले नाहीत. बरोबर त्याचा कंडक्टर होता, कर्नालकडचा, त्याला मी आधी एकदा बघितलं होतं. त्या कंडक्टरनेच त्याला दिल्लीच्या अड्ड्यावरून आपल्या भावाच्या खोलीवर नेलं होतं. भावाच्या बायकोने शिवणाच्या कात्रीने त्याचे केस कापले, आणि मग धान्याच्या पोत्यांमागे त्याला ठेवलं. गल्लीत लोक येऊन विचारून गेले. हे सगळं कंडक्टरनेच सांगितलं. वीरजी खाटेच्या कडेला बसून होता.

बीजींनी एकच प्रश्न विचारला.

“केस कुठे आहेत?”

“चुलीत घातले,” वीरजी म्हणाला.

बीजी आत गेल्या. कंडक्टरला त्यांनी स्वतः वाढून जेवायला घातलं आणि निघताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांना बरेच दिवस लागले.

तिसरा भाग थंडीत आला. अंकलनी मला रस्त्यावरून हाक मारून दिला. मी तो तिथेच पायरीवर बसून वाचला आणि मला रडू आलं, कारण तो वाईट होता. नव्या चित्रकाराला गुप्तहेराचा चेहराच जमला नव्हता. मित्र दांडा ओढतो, पाणी उतरतं, हात सुटतात, सगळं एका पानात संपतं. एवढे महिने आम्ही ज्या गोष्टी रचल्या होत्या त्यांतली कुठलीही यापेक्षा बरी होती.

तरी मी तो घेऊन गच्चीवर गेले. वीरजी उन्हात खाटेवर पडला होता. त्याने कामावर जाणं सोडलं होतं. कॉमिक मी त्याच्या छातीवर ठेवलं. त्याने ते उघडलं नाही.

“बच गया?” त्याने विचारलं.

“हां.”

“किसने बचाया?”

“दोस्तने.”

त्याने कॉमिक छातीवरून उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “और बाकी मजदूर? जो नीचे थे?”

मला आठवेना. मी पुस्तक घेऊन पुन्हा शोधलं. दुसऱ्या भागात गुप्तहेराबरोबर खाणीत उतरलेले कितीतरी मजूर होते, टोप्या घातलेले, हातात कंदील. तिसऱ्या भागात ते कुठेच नव्हते. बुडाले असंही म्हटलेलं नव्हतं.

“त्यांचं काही दाखवलं नाहीये,” मी सांगितलं.

“वही तो,” तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

आमच्या कुणाच्याच गोष्टीत ते मजूर नव्हते. वीरजीच्या स्वतःच्या गोष्टीतही नव्हते.

पुढे त्याचे केस वाढले, दाढी आली, आणि एका सकाळी त्याने मला पुन्हा कापडाचं टोक धरायला बोलावलं. आम्ही घड्या घातल्या, पण बोललो नाही. चालत त्याच्याजवळ पोहोचल्यावर त्याने टोक माझ्या हातातून घेतलं आणि ‘जीती रह’ म्हणाला. कॉमिक्स त्याने परत हातात धरली नाहीत. मीही हळूहळू सोडली. वर्षभरात वडिलांची बदली जोधपूरला झाली.

मी चंदीगडला परत आले ती कॉलेजसाठी, तेव्हा तिथे संध्याकाळी दुकानं लवकर बंद व्हायची आणि बसमध्ये चढताना झडती असायची. पहिल्याच रविवारी जुन्या घरी गेले. बाऊजी खूप वाकले होते. वीरजी नव्हता. बसची नोकरी सोडल्यावर तो बटाल्याकडे, मामाच्या गावी शेती बघायला गेला होता. तिथून एका सकाळी जीपमधून आलेल्या माणसांनी त्याला नेलं. गणवेश नव्हते. काहींचं म्हणणं ते पोलीस होते, काहींचं म्हणणं अतिरेकी. गावातल्या लोकांनी बघितलं आणि दारं लावून घेतली. या गोष्टीला दीड-दोन वर्षं झाली होती.

बाऊजींनी त्याच्या शोधासाठी अर्ज केला होता. कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या कोर्टात त्याची तारीख असायची. मला इंग्रजी येतं म्हणून एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. आम्ही बाकावर बसलो, आमच्यासारखेच पुष्कळ लोक होते, बहुतेक म्हातारे, बायका. दुपारनंतर नाव पुकारलं गेलं. वकील आत जाऊन लगेच बाहेर आले आणि एक कागद देऊन दुसऱ्या अशिलाकडे वळले. बाऊजींनी तो माझ्यापुढे धरला.

“पढ़ के सुना.”

पुढची तारीख सुट्ट्यांनंतर, एवढंच त्यात होतं. मी हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातला आणि मला विचारलं की हॉस्टेलला पोटभर जेवायला मिळतं का.

वीरजीचं पुढे काहीच कळलं नाही. जिवंत असल्याचं नाही आणि मेल्याचंही नाही. बाऊजी काही वर्षांनी गेले. बीजींनी घर विकलं आणि त्या पिंजौरला मुलीकडे राहायला गेल्या. नोकरी लागल्यावर मी एकदा त्यांना भेटायला गेले. बस अड्ड्याजवळच घर होतं, दिवसभर गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे. बीजींना नीट दिसत नव्हतं. माझा चेहरा त्यांनी हाताने चाचपून बघितला आणि आईची चौकशी केली. तिचे गुडघे कसे आहेत, ती अजून तेवढंच भाजीत गूळ घालते का. मुलीने खूण केली म्हणून मी वीरजीचा विषय काढला नाही. बीजींनीही काढला नाही.

मी निघाले तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. चंदीगडची बस समोरच उभी होती. मी म्हटलं, हीच पकडते.

“बैठ जा,” त्या म्हणाल्या, “पर पहले पूछ ले, ड्राइवरने रोटी खाई है कि नहीं.”

मुलगी त्यांना धरून आत घेऊन गेली. मी बसमध्ये चढले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता. मी त्याला उठवलं नाही, मागे जाऊन खिडकीशी बसले.