दुखणे वर येत होते

प्रमिलाताई रांगोळी काढताना कधी बसत नसत. गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकायच्या आणि चिमटीतून हातभर रेघ सोडल्यावरच श्वास घ्यायच्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या ताई डोंबिवली पश्चिमेला, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहत. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी चौकातली मोठी रांगोळी दरवर्षी त्यांची, आणि त्या चौकाची व्यवस्था माझी. मी घड्याळ पाहू लागलो की त्या मान वर न करता म्हणत, "भाऊ, रेघेला घाई कळते हो."

त्या वर्षी पाडव्याच्या दीड महिना आधी त्यांच्या कमरेतून डाव्या पायात कळ उतरू लागली. मीच त्यांना ठाण्यात माजिवड्याला एका डॉक्टरांकडे नेले. मणक्यांमधली गादी फुगून नस दाबत होती. डॉक्टरांनी सावकाश समजावले: औषधे, चालणे-फिरणे आणि शिकवलेले व्यायाम यांनी बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो, कळ सोसवेनाशी झाली तर कण्यात इंजेक्शन देता येते, पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तातडीने शस्त्रक्रिया. वाकायचे नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. ताईंनी व्यायाम निवडला.

"या वयात सतरंजीवर पालथी पडून मान वर काढते," त्या हसत सांगायच्या, "चार महिन्यांच्या बाळासारखी." दुखणे पायातून पाठीकडे सरकू लागले तर ते सुधारणेचे लक्षण, असे त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितले होते. मग रोज सकाळी दारात भेटल्या की मला बातमी मिळे. "आज पिंढरीत नाही, गुडघ्यावर आलंय. एकेक मजला चढतंय बघा."

पाडवा दहा दिवसांवर आला तेव्हा मी वर गेलो. ताई सतरंजीवरच होत्या. एका दिवसाचाच प्रश्न आहे, इंजेक्शन घेतले तर निभावेल, असे मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

"अजून मांडीत आहे हो. थोडं थांबू या का?"

"तुमच्याशिवाय चौक ओकाबोका दिसेल, ताई."

हे खोटे नव्हते. पण आपला चौक सर्वांत उठून दिसावा, ही माझी हाव त्यामागे होती आणि ती मी स्वतःशीही कबूल केली नाही. इंजेक्शनसाठी गेलो तेव्हा डॉक्टरांपुढे मी रांगोळीचा विषय काढला नाही. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि त्याही गप्प राहिल्या.

इंजेक्शनने कळ थांबली. पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून पाच तास ताई त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने वाकून रांगोळी काढत होत्या. शेवटची किनार पुरी झाल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या सरळ झाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"भाऊ, दुखत काहीच नाही. पण पाऊल उचलत नाहीये."

पाडव्याच्या सकाळी त्यांच्यावर शस्त्रक्रिया चालू होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि चौकातल्या रांगोळीचे फोटो माझ्या मोबाईलवर येत होते.

चालणे जमू लागले, पण डावे पाऊल खाली लोंबतच राहिले. बुटात पाऊल उचलून धरणारी पट्टी, हातात काठी. मला त्या कधी काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचे न बोलणे मी सोयीने माफी समजलो. कोणी विचारले तर "वयच झालंय त्यांचं" असेही मी सांगत असे. ते आठवले की आजही मान खाली जाते.

गेल्या वर्षी त्या कायमच्या नाशिकला भाचीकडे निघाल्या. सामान खाली गेले होते. लिफ्टची वाट पाहताना इतके दिवस न बोललेले मी बोललो. "ताई, तेव्हा मी आग्रह करायला नको होता."

"हो," त्या म्हणाल्या. "नको होता."

लिफ्ट आली. आत शिरताना पाऊल उंबऱ्याला अडू नये म्हणून त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि माझा दंड धरला.