कापलेलं शेवटचं कडवं

मावशी आणि भाची, दोघीच गातात. मावशी नाशिकजवळच्या खेड्यात राहते. भाची नाशिक शहरात, इंदिरानगरला राहते, शाळेत शिकवते. त्यांचा पहिला अल्बम आला. त्यात आठ गाणी, आठही भाचीच्या आईने रचलेली. ती आता नाही. कांद्याच्या खळ्यावर निवडणी करताना ती गाणं जुळवायची आणि शेजारी बसलेल्या बहिणीकडून, म्हणजे या मावशीकडून, पाठ करून घ्यायची. तिला लिहिता येत नव्हतं, बँकेत अंगठा उठवायची. पण भीमगीतं रचणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तिने स्वतःचं नाव गुंफलं होतं. तेवढीच तिची सही.

अल्बम मोबाइलवर आला तेव्हा एकाही गाण्यात ते कडवं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'गीत : पारंपरिक'.

भाचीने मला फोन केला. मी बातमीदार आहे. आम्ही तिघी स्टुडिओत गेलो.

"गाणी लांबत होती," निर्माता म्हणाला. "शेवटी नुसतं नावच तर होतं."

"आणि पारंपरिक?" भाचीने विचारलं.

"लोकगीताला तसंच लिहितात, मॅडम. कवी म्हटला की परवानगी आली, कागद आले."

"परंपरा माझ्या शेजारी बसून कांदं निवडत व्हती व्हय?" मावशी म्हणाली. "लय मोठ्यानं घोरायची माझी बहीण. ते बी पारंपरिक लिव्हा."

अल्बमच्या त्याच पानावर निर्मात्याचं नाव दोनदा होतं, एकदा ध्वनिमुद्रणासाठी, एकदा संगीत संयोजनासाठी. त्यातलं एकही लांबलं नव्हतं.

परत येऊन मी बातमी लिहायला बसले. संदर्भासाठी आमच्याच पेपरात आलेली अल्बमची ओळख काढली. ती माझीच होती. 'पारंपरिक गीतांना नवा साज' हे वाक्य मी निर्मात्याच्या टिपणातून जसंच्या तसं उचललं होतं. त्याआधी मावशीच्या ओट्यावर बसून मी दोनदा चहा घेतला होता. ढोलकी कुठून आणली, हे विचारलं होतं. गाणी कुणाची, हे विचारलं नव्हतं. एखाद्या प्राध्यापकाच्या कवितासंग्रहाबद्दल लिहिताना हा प्रश्न मी विसरले नसते. खळ्यावरच्या बाईला रचनाकार मानण्याची गरज निर्मात्याला वाटली नाही, तशी मलाही वाटली नाही.

ही गीतं पारंपरिक नाहीत, अशी दुरुस्ती आम्ही छापली. आतल्या पानावर, दोन ओळी. आईचं नाव छापायला भाचीने मनाई केली. "ज्यांनी काढलं त्यांनी आधी लावावं," ती म्हणाली. म्हणून इथेही ते नाही. अल्बम अजून तसाच आहे. निर्मात्याला विचारलं की उत्तर येतं, "पुढच्या वेळी बघू."

परवा ओझरला दोघींचा कार्यक्रम होता. शेवटचं कडवं आधी म्हणायचं, असं भाचीने ठरवलं होतं. मावशी स्टेजमागे अडून बसली.

"नाव मागंच येतं, पोरी. आधी गाणं, मग माणूस. तुझ्या आईला नसतं चाललं."

"मागचं कापतात, मावशी."

मावशी उठली. पदर खोचून बाहेर गेली, माइकसमोर उभी राहिली. ढोलकी सुरू झाली तसे समोर मोबाइल वर झाले, रेकॉर्डिंग चालू झालं. मावशीने डोळे मिटले आणि पहिल्याच ओळीत बहिणीचं नाव घेतलं.