क्रांतीच्या रिसीव्हरला हरिबांचं कुंकू

हवालदार हरिबा शिंदे यांनी फौजेत वर्षानुवर्षं वायरलेस सेट पाठीवर वाहिला आणि निवृत्त होऊन साताऱ्याला येताना एकच ज्ञान बरोबर आणलं: सेट गरम लागला की जिवंत, गार लागला की मेला. त्यामुळे लेक क्रांतीनं डॉक्टरेटसाठी बनवलेल्या रिसीव्हरवर त्यांनी तळवा ठेवला, तेव्हा तो त्यांनी दचकून मागे घेतला. सेट गारढोण! हवेतल्या गोंगाटातून कामाचा तेवढा सिग्नल गाळून घेणारं हे सर्किट घड्याळाच्या सेलवर चालावं म्हणूनच बनवलंय, ते तापलं तर सगळी मेहनत पाण्यात, असं क्रांतीनं परोपरीनं सांगितलं. हरिबांनी मान डोलावली. पटलं मात्र काडीचंही नाही.

खंडेनवमीला त्यांनी कोयत्यापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. रिसीव्हर तेवढा क्रांतीनं कपाटात कुलूपबंद ठेवला होता. घरातलं एक हत्यार बिनपूजेचं राहिलं, ही गोष्ट काही त्यांना जेवण गोड लागू देईना.

डॉक्टरेटची तोंडी परीक्षा दसऱ्यानंतर, सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात होती. व्हरांड्यात क्रांतीनं रिसीव्हरचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि ती मार्गदर्शक सरांना भेटायला गेली. हरिबांच्या खिशात कुंकवाची पुडी होतीच. डब्याचं झाकण उघडून, बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी आतल्या चिपला टिळा लावला आणि सुस्कारा सोडला.

परीक्षकांसमोर रिसीव्हर मुका झाला. क्रांतीनं सेल बदलला, तारा हलवल्या. तिचा चेहरा रडवेला झाला. परीक्षकांनी भिंग लावलं, तर चिपच्या पायांमध्ये काहीतरी लाल दिसलं. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. क्रांतीनंही वाकून भिंगातून पाहिलं.

मागच्या रांगेत बसलेल्या हरिबांनी खिशातली पुडी चाचपली. गप्प बसावं तर पोरीची सगळी वर्षं वाया, बोलावं तर चारचौघांत शोभा. ते सावधानमध्ये उभे राहिले.

"कुंकू हाय साहेब. मी लावलंय. तिला ठावं न्हाई."

हसू दाबत परीक्षकांनी क्रांतीलाच विचारलं, एवढ्याशा कुंकवानं सेट बंद का पडावा? तिनं खडू उचलला. सर्किटमधला करंट इतका बारीक, की ओल्या कुंकवातूनसुद्धा त्याला पळवाट मिळते. किती पळतो याचं गणित तिनं फळ्यावर मांडलं. मग स्पिरिटनं चिप पुसली आणि पडद्यावर सिग्नल उमटला. डॉक्टरेट मंजूर झाली. अट एकच: चिप ओल, धूळ आणि कुंकवापासून जपावी, असं प्रबंधात लिहायचं.

परतीच्या एसटीत क्रांती कराडपर्यंत चिप पुसत होती. नंतर हसली, ती साताऱ्यापर्यंत हसतच होती.

छापील प्रबंध घरी आल्यावर हरिबांनी कुंकवाची ती ओळ तिच्याकडून शोधून घेतली. आता येईल त्याला ते त्या ओळीवर बोट ठेवून दाखवतात.

"बाकी समदं पुस्तक पोरीचं," ते सांगतात, "ही वळ तेवढी आमची हाय."